मुख्य नटाला मालिका लागली, पुढे ११ प्रयोग उभे आहेत... ग्रुप चालवायचा कसा?

दुसरा_अंक

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

पुण्यात आमचा १३ जणांचा नाटकाचा ग्रुप आहे. बहुतेक सगळे एकाच कॉलेजातले, पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, दोन वर्षं एकत्र होतो, तिथूनच ही मोट बांधली गेली. आता सगळे नोकरीवाले. गेल्या वर्षी आमच्यातल्याच एकाने दोन अंकी नाटक लिहिलं, मी बसवलं, ९ प्रयोग झाले, लोकांना आवडतंय, इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत होतं.

आता मुख्य भूमिका करणाऱ्याला डेली मालिका लागली. शूटिंग साताऱ्याकडे, महिन्यातले बावीस-चोवीस दिवस. तो खूश, आम्हीही खूश (खरंच, पेढे खाल्ले सगळ्यांनी), पण पुढच्या ३ महिन्यांत पुणे, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी धरून ११ प्रयोग ठरलेत आणि त्याला तारखांचं विचारलं की एकच उत्तर, "बघतो गं, प्रॉडक्शनशी बोलतो".

त्यात आमचा लाइट ऑपरेट करणारा मुलगा परवा व्हॉट्सॲप ग्रुप सोडून गेला. कारण काय तर नाशिकच्या प्रयोगाची वेळ बदलली ती त्याला टेम्पोवाल्याकडून कळली. चूक आमचीच आहे, मान्य. पण त्या ग्रुपवर दिवसाला तीनशे मेसेज पडतात, मी कॉल टाइम टाकला की १३ अंगठे येतात आणि वेळेवर माणसं येतात ४.

पैशाचंही सांगते. मागच्या प्रयोगाला ९२ तिकिटं गेली, २५० प्रमाणे २३,००० झाले. हॉल ७,०००, लाइटचं भाडं ४,५००, टेम्पो २,२००, मेकअप १,५००, चहा-वडापाव १,३४०, पोस्टर ८००. उरले ५,६६०, म्हणजे डोकी ४३५ रुपये. तेही मी माझ्या जीपेवरून वाटले आणि दोघांनी अजून "मला नको, तूच ठेव" करून परत पाठवलेत, ते कुठे लिहायचे तेही कळत नाही. आणि लेखक मित्र आता म्हणतोय की मुंबईचा एक ग्रुप हेच नाटक मागतोय, देऊ का? आमच्यात कागदावर काहीही नाही.

मी दिग्दर्शक, मीच निर्माती, तिकिटंही मीच विकते, टेम्पोवाल्याशी भांडायलाही मीच. मागच्या प्रयोगाला विंगेत उभी राहून दुसऱ्या गावच्या हॉलचं डिपॉझिट भरत होते. माझ्याच नाटकातला माझा आवडता सीन मी गेले तीन प्रयोग पाहिलेला नाहीये. हे असंच असतं का सगळीकडे? काय करू?

बेंचवरचा_पीएम

नाटकातलं कळत नाही, पण आयटीत १४ वर्षं झाली त्यातली ८ प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. तुमच्याकडे ज्यांच्यावाचून सगळं अडतं अशी दोन माणसं आहेत, एक तो नट आणि दुसऱ्या तुम्ही स्वतः. नटाचं सगळ्यांना दिसतंय, तुम्ही उद्या डेंग्यूने आडव्या झालात तर काय याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. ट्रेलोवर एक बोर्ड करा, रोज १५ मिनिटांचा स्टँडअप कॉल ठेवा, कोणतं काम कोणाचं याचं एक एक्सेल करा. रिस्क रजिस्टर पण ठेवाच.

फुकटपास

स्टँडअप कॉल ठेवला तर नटमंडळी रोज १५ मिनिटं एकपात्री करतील, सांगून ठेवतो.

तिसरी_घंटा

वयाने लहान असशील असं धरून अगं-तुगं करतोय, राग नसावा. २२ वर्षं व्यावसायिक नाटकांवर व्यवस्थापक होतो, आता गुडघ्यांनी निवृत्त केलंय.

पीएम साहेब बोलले त्यातलं "दुसऱ्या तुम्ही स्वतः" हे बरोबर आहे, बाकी ट्रेलोबिलो काय असतं ते मला माहीत नाही. नाटक बसवणारी तू आणि चालवणारी पण तू, घोळ इथे आहे. शुभारंभाचा प्रयोग झाला की दिग्दर्शक घरी जातो, दहा-पंधरा प्रयोगांनी एकदा येऊन मागच्या रांगेत बसतो, नटांनी मधल्या काळात जे काय वाढवून ठेवलेलं असतं ते कापतो, शिव्या घालतो आणि जातो. रोजचं नाटक व्यवस्थापकाचं. तुमच्या तेरात एक तरी असा असेल ज्याला स्टेजवर यायची हौस नाही पण सगळ्यांचे नंबर पाठ असतात, त्याला हे काम दे, आणि दिलं की मधे बोलू नकोस, हे जास्त अवघड आहे.

आता तारखा. आमच्या धंद्यात सगळं येऊन तारखेवर थांबतं. मी दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास नटांना फोन लावायचो आणि पुढच्या महिन्याच्या "नाही" तारखा लिहून घ्यायचो. "हो" कधी विचारायचंच नाही. "१४ ला येशील का" विचारलं की नट म्हणतो बघतो. "कुठल्या दिवशी आभाळ कोसळलं तरी येणार नाहीस" असं विचारलं की खरं बोलतो. तुझ्या त्या मालिकेतल्या हिरोला बघतो म्हणायची संधीच देऊ नकोस, ११ तारखा आणि प्रत्येकीपुढे त्याला किती वाजता साताऱ्याहून सुटावं लागेल ते एका कागदावर लिही, आणि मालिकेचं शेड्यूल जो लावतो त्या माणसाकडे तो कागद आजच जाऊ दे, नटाच्या हातून गेला तरी चालेल. नाटकातले नट सांभाळायची त्यांनाही सवय असते, सीन पुढेमागे करतात. आदल्या दिवशी सांगितलंस तर मात्र कोणी विचारत नाही. आणि ११ पैकी चार-पाच जरी मिळाले तरी त्याचे आभार मान, कुरकुर करू नकोस, त्या पोराचं पोट आता तिथे आहे.

उरलेल्या प्रयोगांना रिप्लेसमेंट, म्हणजे बदली नट. ती खरं तर तालमीतच तयार करायला पाहिजे होती, आता उशीर झालाय, पण ठीक आहे.

आणि एक, वस्तूंची यादी. चिपळूणला प्रयोग होता, सेटचा टेम्पो पोचला, नटांची बस पोचली, कपड्यांची एक ट्रंक मात्र दादरला पायरीवरच राहिली. माझीच चूक, मी मोजलं नव्हतं. नाटकात लग्नाचा सीन आणि नवरदेवाचा कोट त्या ट्रंकेत. तिथल्या तिकीटवाल्याच्या मेव्हण्याचा लग्नातला कोट आणला, बाह्या चांगल्या चार बोटं आखूड. नट एंट्रीला आला आणि हाउस खो खो हसलं, तर गडी पुढचा अख्खा सीन हात वर करकरून बोलला आणि पुढच्या गावी माझ्या मागे लागला की तोच कोट आणा. त्या दौऱ्यानंतर प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवली, प्रयोग संपला की खडूने खुणा केल्याशिवाय झाकण लावायचं नाही. तुझ्या पोरांना फोनवर यादी नको देऊ, फोन त्या वेळी चार्जिंगला असतो.

विंगेतला

तिसरी_घंटा काका आहेत म्हणजे आता धागा वाचण्यासारखा झाला. मी लाइटवाला, म्हणून तुमच्या त्या मुलाच्या बाजूने बोलणार, आधीच सांगतो.

तुम्ही सगळे पुरुषोत्तमचे. १९६३ पासूनची मोठी स्पर्धा आहे, मीही भरत नाट्य मंदिराच्या विंगांत मोठा झालोय, पण तिथे सगळा जोर लेखन, अभिनय, दिग्दर्शनावर, तांत्रिक बाजूला तिथे फारसं महत्त्व नाही. नाटकं उत्तम होतात त्यामुळे, प्रश्न नाही. पण तिथून आलेल्या ग्रुपच्या डोक्यात लाइटवाला म्हणजे बटण दाबणारा मित्र एवढंच राहतं. आणि दुसरं म्हणजे स्पर्धेच्या तालमी फुकट, रात्री दोनपर्यंत, घरच्यांशी भांडून, ते महिनाभर मस्त वाटतं. त्याच इंधनावर वर्षभर गाडी चालत नाही हो.

तुमच्या हिशोबात डोकी ४३५ दिसतात ना, दिसायला समान. नट ६ वाजता येतो, मेकअप करतो, ९ ला टाळ्या घेतो. लाइटवाला १ वाजता येऊन शिडीवर चढतो आणि सगळे जेवायला गेल्यावर केबल गुंडाळत असतो. व्यावसायिकला बॅकस्टेजची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, ठरलेली असते आणि ती त्याच रात्री हातात पडते. तुम्ही पण एक आकडा ठरवा, ५०० का असेना, आणि प्रयोग तोट्यात गेला तरी तो आधी द्या. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा कळलं आम्हाला, नाइट बंद म्हणजे घरात काहीच नाही, तेव्हापासून "नंतर बघू" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता खरा प्रश्न विचारतो. तुमची क्यू शीट, म्हणजे कुठल्या वाक्याला कुठला लाइट बदलायचा त्याची यादी, कागदावर आहे का त्या मुलाच्या डोक्यात?

दुसरा_अंक

डोक्यात.

विंगेतला

वाटलंच. मग मेसेज करू नका, फोनही नको, त्याच्या घरी जा. सॉरी म्हणा पण त्यावर लांबण लावू नका, त्याला रत्नागिरीचं विचारा. तिथे लाइट टांगायचे बार किती, डिमर किती चॅनलचा, आपला तो कोपऱ्यातला स्पॉट कुठून मारायचा, हे फोन करून काढशील का म्हणा. लाइटवाल्याला नव्या नाट्यगृहाबद्दल विचारलं की त्याला राग धरून ठेवता येत नाही. आणि पुढच्या वेळी वेळ बदलली की पहिला फोन त्याला, नटांना नंतर. सेट लागल्याशिवाय लाइट नाही आणि लाइट लागल्याशिवाय नट काय अंधारात बोलणारेत का.

वडसा_वाला

आमच्या इकडचं सांगतो, कामात आलं तर पाहा.

आमच्याइकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की नाटकं सुरू, होळीपर्यंत. कंपन्यांची ऑफिसं वडश्याला, म्हणजे देसाईगंजला, गावोगावची मंडळं तिथे येऊन नाटक ठरवतात. गावात मंडई म्हणजे जत्रा, नाहीतर शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत राहते, पाव्हणे आलेले राहतात, रात्री शामियान्यात नाटक उभं होते ते पहाटेलाच संपते. शंकरपटावर मधे बंदी होती, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोकळं केलं, पण नाटकं काही थांबली नव्हती बाप्पा.

माझे काका एका कंपनीत आर्गन वाजवत. तिथे सीझनभर आज या गावात तर उद्या त्या गावात, एखादा कलाकार आजारी पडते, एखादीचं लेकरू आजारी पडते, नाटक रद्द करता येत नाही कारण गावाने तिकिटं विकलेली राहतात आणि अख्खी रात्र लोक थंडीत बसलेले राहतात. मग काय करतात, तर प्रत्येक कलाकाराला आपली सोडून अजून एक भूमिका येते. पाठ नाही, पण येते. रोज विंगेत उभं राहून ऐकते ना तो. गाडीत बसता बसता वाक्यं म्हणून घेतात आणि विंगेत वाक्यं पुरवायला प्रॉम्प्टर राहते. शहरातले लोक प्रॉम्प्टरला हसतात, पण तुमच्या मुख्य नटाऐवजी उभ्या राहणाऱ्याला पहिल्या दोन प्रयोगांत प्रॉम्प्टर द्या, लाज नका वाटू देऊ. आमच्या परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली ते याच रंगभूमीवरचे.

तुमच्या तेरातला कोण विंगेतून ती भूमिका रोज ओठ हलवत म्हणते ते पाहा. असतेच कोणीतरी.

कलम_१९

लेखकाच्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, वकील आहे पण हे मोफत आहे.

नाटक त्याने लिहिलंय, तुम्ही त्याला पगारावर ठेवलेलं नव्हतं, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पहिला मालक तोच. तालमीत तुम्ही सगळ्यांनी मिळून सीन बदलले वगैरे भावना समजू शकतो पण त्यामुळे मालकी आपोआप तुमची होत नाही. त्यामुळे "देऊ का" असं तो विचारतोय हा त्याचा चांगुलपणा आहे, तो चांगुलपणा आहे तोवरच कागद करून घ्या. हक्क लिहून घेतले आणि मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. तुम्हाला सगळे हक्क नकोच आहेत. पानभर कागद पुरे: हे नाटक, मराठीत, अमुक तारखेपर्यंत किंवा अमुक प्रयोगांपर्यंत आम्हीच करणार, दर प्रयोगाला लेखकाला इतके रुपये, चित्रीकरण त्याला विचारल्याशिवाय नाही. खाली दोघांच्या सह्या.

रुपये लिहाच. तुमच्या हिशोबात हॉल आहे, टेम्पो आहे, वडापावसुद्धा आहे, लेखक नाहीये. मुंबईचा ग्रुप त्याला मानधन देत असणार, बाकी काही नाही.

आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र म्हणजे लेखकाची परवानगी नव्हे, ही गल्लत बरेच जण करतात, दोन्ही वेगळे कागद. तिकीट वाढवायचं मनात असेल तर ५०० पर्यंत नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, तेवढी जागा आहे तुम्हाला.

दुसरा_अंक

वडापाव आहे आणि लेखक नाहीये हे वाचून दहा मिनिटं गप्प बसले. त्याला फोन केला, ३०० रुपये दर प्रयोगाला ठरलं, तो म्हणाला एवढ्यात माझा पेट्रोलचा खर्च पण निघत नाही पण चालेल, आणि मुंबईवाल्यांना पुढच्या वर्षी देणार. कागद उद्या करतोय.

व्यवस्थापक सापडली. आमच्यातली एक जण फक्त एका सीनला शेजारीण म्हणून येते आणि एरवी सगळ्यांना घरी सोडण्याचं टाइमटेबल तीच लावते. तिने पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दुसरा ग्रुप काढला ज्यात फक्त तीच लिहू शकते.

हिरोच्या "नाही" तारखा मिळाल्या, काका. ११ पैकी ४ प्रयोग तो करू शकतो, पुण्यातले ३ आणि नाशिक. उरलेल्या ७ ला ज्याला उभा करतोय तो खरंच विंगेतून ओठ हलवणाराच निघाला. आता प्रश्न असा की त्याचा पहिला प्रयोग पुण्यात लावू का? घरची माणसं समोर असतील, सांभाळून घेतील. हिरोला त्या दिवशी सुट्टी देऊ.

तिसरी_घंटा

अजिबात नको. पुण्यातल्या प्रेक्षकाने जुना नट पाहिलेला आहे, निम्मे ओळखीचे, ते नवीन पोराला बघणारच नाहीत, तुलना करत बसतील. कोल्हापूरला उभा कर. तिथे हा नवा पोरगाच त्यांचा हिरो. आणि जाहिरातीत, पाटीवर, तिकिटाच्या पानावर नव्याचं नाव स्वच्छ लिही, मालिकेतला चेहरा छापून दुसरा नट आणलास तर लोक पैसे परत मागतात आणि बरोबर मागतात.

विंगेतला

काका, मला नाही पटत. कोल्हापूर म्हणजे नवं स्टेज, नवीन लाइट, प्रवास करून आलेला पोरगा आणि त्यात पहिला प्रयोग, एवढं सगळं एका दिवशी? पुण्यातल्या त्या छोट्या हॉलमध्ये त्याला किती पावलांवर खुर्ची आहे ते अंधारात माहीत आहे.

तिसरी_घंटा

मग पुण्यात तालमीच्या हॉलमध्ये एक प्रयोग लावा, तिकीट न लावता, २०-२५ माणसं बोलावून. कपडे, मेकअप, लाइट सगळं लावून. मधे थांबायचं नाही, काहीही झालं तरी. मग कोल्हापूर.

बेंचवरचा_पीएम

याला आमच्याकडे यूएटी म्हणतात, सॉफ्टवेअर चालू करण्याआधी वापरणाऱ्यांकडून घेतलेली चाचणी.

फुकटपास

आमच्याकडे फुकट पास म्हणतात. पत्ता पाठवा.

दुसरा_अंक

झाला रविवारी. २८ माणसं होती, त्यातली एक आजी पहिल्या अंकात झोपली, पण ती जुन्या नटाच्या वेळीही झोपली होती.

हिरो शनिवारी पॅकअप झाल्यावर रात्रीच साताऱ्याहून निघाला, पहाटे चारला माझ्या दारात, आणि सकाळी दोन तास नव्याला फक्त एकच गोष्ट शिकवत बसला, दुसऱ्या अंकात वडिलांच्या खुर्चीवर बसायचं की नाही ते ठरत नसतं तेव्हा आधी हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा आणि मग काढून घ्यायचा. मी हे कधी बसवलंच नव्हतं. त्यालाच पाचव्या प्रयोगाच्या आसपास सापडलं म्हणे. मी तेव्हा विंगेत डिपॉझिट भरत असणार.

लाइटवाला आला. घरी गेले होते, रत्नागिरीचं विचारलं, तो आधीच तिथे फोन करून बसला होता. रविवारी त्यानेच पकडलं की नवा पोरगा चांगला चार बोटं बुटका आहे, कोपऱ्यातला स्पॉट त्याच्या कपाळावर पडतो आणि डोळे अंधारात राहतात. क्यू शीट लिहून झाली, ४१ क्यू निघाले, त्याला स्वतःला वाटत होते तीस.

ट्रंकेच्या झाकणाला यादी चिकटवली काका, ३७ वस्तू. प्रयोगानंतर खडूने खुणा केल्या तर ३६ भरल्या. आजोबांचा चष्मा नाहीये. सगळा हॉल पालथा घातला, टेम्पोत पाहिलं, नाहीच.

तिसरी_घंटा

आजोबा करणाऱ्या नटाला फोन लाव आणि सदऱ्याचा खिसा बघायला सांग. घालून घरी गेला असेल.

दुसरा_अंक

खिशात नाही म्हणाला. डोळ्यावर होता.